आमच्या घरच्या लग्नाचा विमा: प्रस्ताव अर्जापासून दाव्याच्या रकमेपर्यंत

लग्नाचा विमा उतरवता येतो, हे आमच्या नातेवाइकांपैकी फारच थोड्यांना ठाऊक होते आणि ज्यांना ठाऊक होते त्यांचा समज असा होता, की हे प्रकरण राजस्थानातल्या महालांमध्ये लग्ने करणाऱ्यांसाठी आहे. आमच्या मुलीचे लग्न 23 मे 2025 रोजी साताऱ्यात लागले. त्यासाठी आम्ही विमा घेतला, लग्नाच्या आदल्या रात्री त्याची गरज पडली आणि ऑगस्टमध्ये दाव्याचे पैसे हातात आले. या काळात मराठीतून नीट सांगितलेली माहिती शोधूनही हाती लागली नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. प्रत्येक कंपनीची पॉलिसी निराळी असते, त्यामुळे पुढे आलेली कलमे आणि आकडे आमच्या पॉलिसीपुरतेच समजावेत.

विम्याचा विचार मनात येण्याचे कारण जुने होते. माझ्या धाकट्या दिरांच्या मुलाचे लग्न एप्रिल 2020 मध्ये ठरले होते. 25 मार्चला देशभर टाळेबंदी लागली, लग्न पुढे गेले आणि कार्यालयाला दिलेल्या आगाऊ रकमेतला एक रुपयाही परत आला नाही. डिसेंबर 2024 मध्ये आमच्या मुलीचा साखरपुडा झाला, गुरुजींनी 23 मे ही तारीख आणि गोरज मुहूर्त काढून दिला आणि आम्ही शहराबाहेरचे एक लॉन ठरवले, तेव्हा दिरांनीच विषय काढला. मे महिन्याचा शेवट, उघडे लॉन आणि वळवाचा पाऊस हे तिन्ही एकत्र आल्यावर काहीतरी तजवीज असलेली बरी, असे त्यांचे म्हणणे होते.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी चौकशी सुरू केली. मी टपाल खात्यातून निवृत्त झालेली असल्यामुळे अर्ज, नमुने आणि परिशिष्टे यांची मला भीती वाटत नाही, तरीही पहिल्या दोन विमा शाखांमध्ये असे काही मिळते हेच कोणाला सांगता येईना. मोटार किंवा आरोग्य विम्यासारखी ही पॉलिसी संकेतस्थळावर चार बटणे दाबून मिळत नाही. बहुतेक ठिकाणी ती खर्चाचा तपशील पाहून बेतून दिली जाते. शेवटी आमच्या दुकानाचा आग विमा ज्या प्रतिनिधीकडे आहे त्यानेच एका सर्वसाधारण विमा कंपनीचा प्रस्ताव अर्ज आणि पॉलिसीची इंग्रजीतली संपूर्ण शब्दरचना आणून दिली. प्रतिनिधी सोबत एक रंगीत पत्रकही देऊ पाहत होता. ते मी बाजूला ठेवले, कारण पत्रकात ‘निश्चिंत व्हा’ एवढेच असते आणि अपवाद शब्दरचनेत असतात. पैसे भरण्याआधी ही शब्दरचना मागून घ्यावी. ती देण्यास कोणी टाळाटाळ करत असेल, तर तिथून विमा घेऊ नये असे माझे मत आहे.

आमच्या पॉलिसीचे भाग पाच होते. पहिला भाग लग्न रद्द होणे किंवा पुढे ढकलावे लागणे यासाठी, दुसरा मांडव, व्यासपीठ, रोषणाई अशा लग्नस्थळी उभारलेल्या वस्तूंसाठी, तिसरा दागिने आणि रोकड यांसाठी, चौथा पाहुण्यांना इजा किंवा अन्नातून विषबाधा झाली तर येणाऱ्या कायदेशीर जबाबदारीसाठी आणि पाचवा वधूवरांच्या वैयक्तिक अपघातासाठी. पाचवा भाग ऐच्छिक होता. दोघांनाही नोकरीत अपघात विमा असल्यामुळे आम्ही तो घेतला नाही. एवढे वाचून कोणालाही वाटेल की लग्नाचा विमा झाला. शब्दरचना दोनतीनदा वाचल्यावर मात्र लक्षात येते, की कंपनी लग्नाचा विमा उतरवतच नाही. ती तुमच्या पावतीनिशी सिद्ध होणाऱ्या खर्चाचा विमा उतरवते आणि तोही नुकसान तिच्या यादीतल्या कारणाने झाले असेल तरच देते. खर्च सिद्ध करता आला आणि कारण यादीत नसले तर पैसे नाहीत. कारण यादीत आहे आणि पावती नाही तरीही पैसे नाहीत. पुढचे सगळे महिने मी याच दोन गोष्टींच्या मागे होते.

आधी कारणांविषयी सांगते. रद्द होण्याच्या भागात आग, वीज पडणे, वादळ, पूर, भूकंप अशी नैसर्गिक कारणे होती. वधूवर किंवा यादीतले जवळचे नातेवाईक यांचा मृत्यू अथवा अपघातामुळे रुग्णालयात भरती होणे हे होते आणि वधू किंवा वर ज्या वाहनातून येत आहेत त्याला अपघात होऊन त्यांना वेळेवर पोचता न येणे हेही होते. अपवादांची यादी याहून लांब होती. संप, बंद, दंगल, दहशतवादी कृत्य, युद्ध, साथीचे रोग, सरकारी आदेशाने आलेली बंदी, दोन्ही पक्षांतले मतभेद, वधू किंवा वराने ऐनवेळी नकार देणे, लॉनमालकाने जागा देण्यास नकार देणे, वीजपुरवठा खंडित होणे आणि गाडी केवळ बंद पडणे, यांपैकी कशानेही लग्न अडले तर कंपनीचा संबंध नाही. म्हणजे दिरांच्या मुलाच्या वेळी जे घडले ते पुन्हा घडले असते, तर ही पॉलिसी घेऊनही काही मिळाले नसते. दिरांना हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, “मग वळवापुरता तरी घ्या.”

नातेवाइकांच्या यादीवर आमच्या घरात बरीच चर्चा झाली आणि ती मला महत्त्वाची वाटते. यादीत वधूवरांचे आईवडील आणि सख्खी भावंडे एवढीच माणसे होती. आपल्याकडे मात्र लग्न पुढे जाते ते सुतकामुळे. भावकीतले कोणी गेले, वराचे सख्खे चुलते गेले, आजी गेली, तर दहा दिवस कार्य होत नाही आणि तो दहावा दिवस कोणत्या शाखेच्या गणिताने धरायचा यावरही वडीलधाऱ्यांत वाद होतो. विमा कंपनीला सुतक माहीत नाही. जावयांच्या आजी त्या वेळी 86 वर्षांच्या होत्या आणि चिपळूणला अंथरुणाला खिळून होत्या. विहीणबाईंनी मला फोनवर स्पष्टच विचारले, “आईंचं काही बरंवाईट झालं तर पैसे मिळतील का हो?” मी कंपनीला पत्र लिहून आजींचे नाव यादीत घालण्याची विनंती केली. उत्तर आले, की 70 वर्षांवरील व्यक्तींचा समावेश करता येत नाही आणि आधीपासून असलेल्या आजाराने आलेला मृत्यू कोणाचाही असला तरी ग्राह्य धरला जात नाही. उत्तर लेखी मिळाल्यामुळे निदान कोणाच्या मनात खोटी आशा राहिली नाही. दोन्ही घरांनी बसून ठरवले, की तशी वेळ आलीच तर नोंदणी पद्धतीने लग्न ठरल्या दिवशी करायचे आणि समारंभ नंतर. आजी लग्नाला व्हिडिओ कॉलवर होत्या आणि आजही आहेत.

फेब्रुवारी महिना पावत्यांत गेला. लग्नाच्या बाजारात बोली तोंडी असते, इसार रोख दिला जातो आणि पावती म्हणून वहीतल्या कागदावर आकडा आणि सही मिळते. विमा कंपनीला चालतात ती देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचा पत्ता, तारीख, कार्यक्रमाचा उल्लेख आणि शक्यतो जीएसटी क्रमांक असलेली बिले. मी प्रत्येकाकडे जाऊन पक्की पावती मागितली. लॉनच्या व्यवस्थापकाने लगेच दिली, कारण त्यांचे सगळे संगणकावर होते. छायाचित्रकाराने जीएसटीचे पैसे वेगळे पडतील असे सांगितले आणि ते आम्ही दिले. मंडपवाले यजमानांचे शाळेतले मित्र, ते म्हणाले, “वहिनी, तीस वर्षांत माझ्याकडे कोणी करारपत्र मागितलं नाही.” शेवटी मी स्वतःच दोन पानांचे करारपत्र टंकलिखित करून नेले आणि त्यांनी हसत सही केली. गुरुजींकडे दक्षिणेची पावती मागण्याचे धाडस मात्र मला झाले नाही.

इथे एक कायदेशीर बाब सांगून ठेवते, कारण पक्की पावती मागताना तिचा उपयोग होतो. एकाच समारंभाशी संबंधित व्यवहारांत एका व्यक्तीकडून 2 लाख रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख स्वीकारणे आयकर कायद्याप्रमाणे मना आहे आणि दंड होतो तो पैसे घेणाऱ्याला. मोठ्या रकमा रोख मागणाऱ्या केटररला हे शांतपणे सांगितले, की तो धनादेश घ्यायला तयार होतो. त्याच्या बिलावर अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांकही छापलेला असावा, कारण विषबाधेच्या भागात परवानाधारक केटरर असणे ही अट होती. ज्यांच्याकडे किराणा आपला आणि मजुरी आचाऱ्याची अशी पद्धत असते, त्यांना हा भाग घेऊन फारसा लाभ होईल असे मला वाटत नाही.

नावाचा प्रश्नही सुटला पाहिजे. आमचे लग्न दोन्ही पक्षांनी निम्म्या खर्चाने केले. पॉलिसी माझ्या यजमानांच्या नावे आणि लॉनची अर्धी रक्कम व्याह्यांच्या खात्यातून गेलेली, असे झाले असते तर ती अर्धी रक्कम आमचा खर्च ठरली नसती. म्हणून प्रस्तावक म्हणून वधूपिता आणि वरपिता अशी दोघांची नावे घातली आणि सर्व बिलांवर त्या दोघांपैकी एकाचे नाव येईल असे पाहिले. लॉनचा पहिला हप्ता माझ्या भावाने यूपीआयने भरला होता, त्याची पावती त्याच्या नावाची होती. लॉनकडून दुरुस्त पावती आणि भावाकडून एक पत्र घेऊन ते प्रकरण मिटवले.

पहिल्या भागाची रक्कम 7 लाख रुपये ठरली. त्यात लॉनचे 1,50,000, जेवणाचे 380 रुपये ताटाप्रमाणे 650 ताटांचे 2,47,000, मांडव आणि सजावटीचे 1,65,000, छायाचित्रणाचे 95,000, पत्रिकांचे 22,000 आणि बस व वाजंत्री मिळून 21,000 होते. शालू, बस्ता, मानपान आणि दागिन्यांची खरेदी यात येत नाही, कारण लग्न पुढे गेले म्हणून त्या वस्तू वाया जात नाहीत. शिवाय लॉन किंवा केटरर जे परत करतील ते वजा करूनच कंपनी रक्कम देते, त्यामुळे त्यांच्या करारातले परताव्याचे कलम आधी वाचावे लागते. आमच्या लॉनचे कलम असे होते, की तारखेच्या 30 दिवस आधीपर्यंत निम्मे पैसे परत आणि त्यानंतर काहीच नाही.

दुसऱ्या भागाची रक्कम ठरवताना प्रतिनिधीने 1 लाख पुरे होतील असे सुचवले. शब्दरचनेत मात्र सरासरीचे कलम होते. लग्नस्थळी प्रत्यक्षात 3 लाखांच्या वस्तू असतील आणि विमा 1 लाखाचाच असेल, तर कितीही लहान नुकसान झाले तरी त्याच्या एक तृतीयांश एवढेच मिळते. मांडवाचे भाडे 1,65,000 असले तरी त्या कनाती, पाइप, झुंबरे आणि दिवे यांची किंमत त्याहून जास्त असते. मी मंडपवाल्यांकडून वस्तूंची यादी किमतींसह लिहून घेतली, ती 3 लाखांच्या आसपास आली आणि तेवढाच विमा घेतला. यामुळे हप्ता थोडाच वाढला.

तिसऱ्या भागात 4 लाखांपर्यंतचे दागिने आणि रोकड होती, पण कुलूपबंद कपाटातून आणि कुलूप तोडल्याची खूण असली तरच. वधूच्या खोलीत पलंगावर ठेवलेली पर्स कोणी उचलून नेली तर काही मिळत नाही. दागिने अंगावर असताना काय होते, हेही विचारले. दमदाटीने लुबाडले तर मिळते, पडून हरवले तर नाही. आम्ही पत्रिकेवर आहेर न आणण्याची विनंती छापली होती, तिचा कोणी मान ठेवणार नाही हे माहीत असल्यामुळे पाकिटांसाठी कुलपाची पेटी नेली. चौथ्या भागाची मर्यादा 5 लाख होती. लॉनमालकाचाही स्वतःचा जबाबदारी विमा असू शकतो. तो आहे का, हे विचारून घेतले तर दुहेरी खर्च टळू शकतो. आमच्या लॉनचा होता, परंतु तो त्यांच्या इमारतीपुरता.

सगळे मिळून हप्ता 9,400 रुपये झाला. त्यावर 18 टक्के जीएसटीचे 1,692 धरून 11,092 रुपये भरले आणि 18 मार्चला पॉलिसी हातात आली. तिच्यासोबत ग्राहक माहिती पत्रकही होते. त्यात कोणता भाग घेतला, वजावट (दाव्यातला आपण स्वतः सोसायचा भाग) किती आणि तक्रार कुठे करायची हे थोडक्यात दिलेले असते. नावे, तारीख आणि लग्नस्थळाचा पत्ता तपासताना लॉनच्या पत्त्यात गावाचे नाव चुकीचे छापलेले आढळले. दुरुस्तीसाठी अर्ज केला आणि आठवडाभरात दुरुस्तीपत्र आले. पत्ता चुकीचा राहिला असता तर दुसऱ्या भागाचा दावा तिथेच अडकला असता.

मे उजाडला आणि वेगळीच काळजी उभी राहिली. जावई मोहालीला नोकरीला आहेत आणि 17 मेचे त्यांचे विमानाचे तिकीट चंदीगडहून होते. 7 मेनंतर सीमेवर संघर्ष सुरू झाला आणि उत्तर व पश्चिम भारतातील 32 विमानतळ नागरी वाहतुकीसाठी बंद करण्यात आले, त्यांत चंदीगडही होते. घरात बातम्यांचा आवाज सतत चालू होता आणि विहीणबाई दिवसातून तीनदा फोन करत होत्या. मी पॉलिसी पुन्हा उघडली. युद्ध आणि युद्धसदृश परिस्थिती अपवादांत होती, त्यामुळे विम्याचा उपयोग नाही हे लगेच कळले. त्या उत्तराने काळजी कमी झाली नाही, पण कोणता पर्याय आपल्या हातात आहे याकडे लक्ष गेले आणि जावयांनी रेल्वेचे तिकीट काढले. 12 मेला विमानतळ पुन्हा सुरू झाले, तरी ते रेल्वेनेच आले.

त्या वर्षी मेच्या तिसऱ्या आठवड्यापासूनच पाऊस सुरू झाला. 20 मेला पुण्यात वानवडीला पावसामुळे उघड्या लॉनवरचे एक लग्न शेजारच्या सभागृहात, तिथे स्वागत समारंभ करत असलेल्या दुसऱ्या धर्माच्या कुटुंबाने जागा करून दिल्यामुळे लागले, ही बातमी सगळ्यांनी वाचलेली असेल. (मोसमी पाऊस त्या वर्षी 26 मेला मुंबईत पोचला, इतका लवकर तो पूर्वी नोंदला गेलेला नाही.) आम्हीही ती बातमी वाचली आणि लॉनपासून अर्ध्या किलोमीटरवरच्या एका बंदिस्त मंगल कार्यालयात चौकशी करून ठेवली. त्यांच्याकडे 23 तारखेला सकाळचा मुहूर्त होता, दुपारी अडीचनंतर जागा मोकळी होती.

22 मेला हळद आटोपली आणि रात्री साडेनऊच्या सुमारास वारा सुटला. वीस मिनिटांत मांडवाची एक बाजू खाली आली, व्यासपीठाची मागची चौकट तिच्याखाली सापडली आणि रोषणाईचे खांब आडवे झाले. तिथे तीन कामगार होते, त्यांच्यापैकी कोणाला लागले नाही. मंडपवाले पावसात उभे राहून नुसते पाहत होते. यजमान त्यांच्याजवळ गेले आणि मी गाडीत बसून विमा कंपनीच्या चोवीस तास चालणाऱ्या क्रमांकावर फोन लावला. पॉलिसी क्रमांक मोबाइलमध्ये छायाचित्र स्वरूपात ठेवलेला होता. लग्नघरात मूळ कागद वेळेवर सापडत नाही, त्यामुळे एवढे प्रत्येकाने करून ठेवावे. दावा क्रमांक रात्री अकराच्या आत मिळाला. भाच्याने मांडवाचे सर्व बाजूंनी व्हिडिओ घेतले आणि त्यात लॉनचा नामफलक दिसेल याची काळजी घेतली.

सकाळी नुकसानीची पाहणी करणाऱ्या सर्वेक्षकांचा फोन आला. ओल्या कनाती तशाच पडून राहिल्या तर कुजतील आणि नुकसान वाढेल, म्हणून मी त्यांना व्हिडिओ कॉलवर जागा दाखवली आणि सामान हलवण्याची परवानगी मागितली. त्यांनी ती दिली आणि मी ती लघुसंदेशानेही मागून घेतली. परवानगीशिवाय काही हलवू नये आणि परवानगी लेखी असावी, ही गोष्ट नोकरीतल्या सवयीने सुचली. मुहूर्त सायंकाळी 6 वाजून 35 मिनिटांचा होता. दुपारी तीनला बंदिस्त कार्यालय 45,000 रुपये भाड्याने ताब्यात घेतले, पाहुण्यांना फोन करण्याचे काम मुलीच्या मैत्रिणींनी वाटून घेतले आणि लग्न ठरलेल्या मुहूर्तावर लागले. जेवणाच्या पंक्ती दाटीवाटीने झाल्या.

सर्वेक्षक 24 मेला आले. मोटारेतर विम्यात नुकसान 1 लाखाच्या वर असले, की परवानाधारक सर्वेक्षकाची पाहणी आवश्यक असते. त्यांनी प्रत्येक कनात उलगडून फाटलेले पट्टे मोजले, त्यांवर खडूने खुणा केल्या, वाकलेल्या पाइपांचे जोड पाहिले आणि मग एक गोष्ट विचारली, जी मला सुचली नसती: खांबांच्या पायथ्याशी वाळूची पोती होती का? होती, आणि ती अजून जागेवरच होती. वाजवी काळजी घेतली होती याचा तो पुरावा ठरला. पुढचा प्रश्न होता, “मॅडम, हे सामान तुमचं नाही. मंडपवाल्यांनी तुमच्याकडे भरपाई मागितली आहे का?” सामान भाड्याचे असेल तर त्याच्या नुकसानीची जबाबदारी आपल्यावर आहे हे दाखवावे लागते. फेब्रुवारीत केलेल्या करारपत्रात ते कलम होते आणि मंडपवाल्यांनी यजमानांना रीतसर मागणीपत्र दिले. रक्कम 1,38,400 रुपये होती: कनाती आणि छत 62,000, व्यासपीठ आणि फुलांची सजावट 41,400, दिवे 35,000.

कागदपत्रांची यादी 26 मेला ईमेलने आली. दावा अर्ज, पॉलिसीची प्रत, करारपत्र, बिले, बँकेचा उतारा, लग्नपत्रिका, छायाचित्रे आणि हवामानाचा दाखला. पॉलिसीत ‘वादळ’ होते, ‘पाऊस’ नव्हता. त्यामुळे वाऱ्याची नोंद महत्त्वाची होती. भारतीय हवामान विभागाकडून विमा दाव्यासाठी शुल्क भरून असा दाखला मिळतो. त्यासाठी पुण्याच्या कार्यालयाकडे अर्ज केला आणि दाखला येईपर्यंत जून सरत आला. दरम्यान तलाठ्यांनी त्या रात्रीच्या वादळातल्या नुकसानीचे पंचनामे केले होते, त्यात लॉनचाही उल्लेख होता. त्याची प्रत आणि स्थानिक वृत्तपत्रांची कात्रणे मी आधी पाठवली.

सर्वाधिक मनस्ताप जून महिन्यात झाला. एक कागद पाठवला की दुसरा मागितला जाई आणि दर वेळी फोनवर वेगळी व्यक्ती असे. विमा नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे सर्वेक्षकाने नेमणुकीपासून 15 दिवसांत अहवाल द्यायचा आणि कंपनीने अहवाल मिळाल्यापासून 7 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. केवळ कागदपत्रांअभावी दावा फेटाळायचा नसतो. 28 जूनला मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना या मुदतींचा उल्लेख करून सौम्य शब्दांत ईमेल लिहिला. तिथे दाद मिळाली नाही तर नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ संकेतस्थळावर किंवा 155255 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. ती वेळ आली नाही, पाच दिवसांत सर्वेक्षणाचा अहवाल पुढे सरकला.

14 जुलैला मंजुरीचे पत्र आले. कनाती जुन्या असल्यामुळे 40 टक्के घसारा वजा होऊन 37,200 धरले होते. सजावटीतून ताज्या फुलांचे 14,400 नाशवंत म्हणून वगळून 27,000, आणि दिव्यांतून भंगाराचे 4,000 वजा करून 31,000. बेरीज 95,200. दाव्याच्या 5 टक्के किंवा किमान 5,000 रुपये ही वजावट आम्ही सोसायची होती, ती 5,000 गेली आणि 90,200 मंजूर झाले. सरासरीचे कलम लागले नाही, कारण विमा पूर्ण किमतीचा होता. 1 लाखाचाच विमा घेतला असता तर हीच रक्कम साधारण एक तृतीयांशावर आली असती.

नव्या कार्यालयाच्या भाड्याचे 45,000 मात्र नामंजूर झाले. पहिला भाग लग्न रद्द झाले किंवा पुढे ढकलले तरच लागू होतो आणि आमचे लग्न त्याच दिवशी, त्याच मुहूर्तावर लागले होते. मी लिहिले, की आम्ही धावपळ करून जागा मिळवली नसती तर कंपनीला पहिल्या भागाखाली लाखो रुपये द्यावे लागले असते, तेव्हा नुकसान टाळण्यासाठी केलेला हा खर्च धरावा. 1 ऑगस्टला उत्तर आले, की पॉलिसीत पर्यायी जागेच्या खर्चाचे कलम नाही आणि नुकसान कमी करण्याचा प्रयत्न करणे हे विमाधारकाचे कर्तव्यच आहे. याविरुद्ध ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या विमा लोकपालाकडे जाता आले असते. तिथे शुल्क लागत नाही, वकील लागत नाही, कंपनीचे अंतिम उत्तर आल्यापासून एक वर्षाची मुदत असते आणि पुण्यात त्यांचे कार्यालय आहे. पॉलिसी पुन्हा वाचल्यावर मला कंपनीचे म्हणणे शब्दशः बरोबर वाटले, म्हणून मी गेले नाही. यजमानांना अजूनही ते पटलेले नाही. उघड्या लॉनवर लग्न करणाऱ्यांनी पर्यायी जागेच्या खर्चाचे कलम वाढवून मिळते का, हे प्रस्तावाच्या वेळीच लेखी विचारावे, कारण पावसात खरोखर घडते ते हेच: लग्न क्वचितच रद्द होते, जागा बदलते.

6 ऑगस्टला 90,200 रुपये खात्यात जमा झाले. मंडपवाल्यांची मागणी 1,38,400 ची होती, त्यामुळे उरलेल्या 48,200 चा हिशेब आम्हाला आपसांत करायचा होता. त्यांनी फुलांचे 14,400 सोडले, कारण फुले दुसऱ्या दिवशी निर्माल्यच व्हायची होती. घसाऱ्यातले निम्मे, म्हणजे 12,400, आम्ही दिले. एकूण 1,02,600 रुपये धनादेशाने दिले आणि मुद्रांक लावलेली पक्की पावती त्यांनी न मागता दिली. ती पावती कंपनीला पाठवल्यावर चार दिवसांनी दावा बंद केल्याचा ईमेल आला.